वारशात आलेले घड्याळ : ओळख आणि किंमत

मुळशी तालुक्यातल्या घोटावडे गावी जमिनीची किंमत सांगणे आता कुणालाच अवघड वाटत नाही. शेजारी हिंजवडी वाढल्यापासून गुंठ्याचा भाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो, आणि सरकारी हिशेबासाठी रेडी रेकनर आहेच. सोन्याला रोजचा भाव असतो. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालायची तर तराजू पुरतो. पण वाटणीच्या वेळी ट्रंकेच्या तळाशी आजोबांचे मनगटी घड्याळ निघाले, की सगळे थबकतात. त्याला ना रेडी रेकनर, ना रोजचा भाव, ना वजनाचा हिशेब.

घोटावड्यातल्या माझ्या एका शिक्षकमित्राच्या घरी असे एक घड्याळ आहे. आजोबा तरुणपणी मुंबईला नोकरीला होते. यात नवल काही नाही. मुळशी, मावळ, खेड या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला जात आली. मुंबईचे डबेवाले बहुतांशी याच भागातले. आजोबांनी मुंबईत घेतलेले घड्याळ आता तीन नातवंडांमध्ये वाटायचे होते. तबकडी गडद निळी, आकडे नारिंगी, वर इंग्रजीत ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ आणि खाली ‘सवार प्राइमा’ अशी अक्षरे, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा. चावी दिली की घड्याळ चालते.

किंमत विचारायला गेल्यावर चार ठिकाणी चार उत्तरे मिळाली. सराफ म्हणाला, हे स्टील आहे, मोडीला काही येणार नाही. जुन्या घड्याळांच्या दुकानदाराने दोन वेळच्या हॉटेलच्या जेवणाएवढी रक्कम सांगितली. पुतण्याने मोबाइलवर तशाच घड्याळाची जाहिरात शोधली. तिथला आकडा याच्या दसपट. आणि घड्याळजी म्हणाला, विकायचेच असेल तर आधी पॉलिश मारून नवी तबकडी टाकून देतो, गिऱ्हाईक चांगले मिळेल. चौघांपैकी खोटे कुणीच बोलत नव्हते. प्रत्येकजण वेगळ्या गोष्टीची किंमत सांगत होता, एवढेच. मात्र घड्याळजीचा सल्ला ऐकला असता तर ते घड्याळ काय आहे हे ठरवण्याचे उरलेसुरले साधनही हातचे गेले असते. म्हणून या लेखात आधी ओळख, मग किंमत असा क्रम ठेवला आहे.

नाव लंडनचे, कारखाना स्विस, बाजार मुंबईचा

‘वेस्ट एंड’ हे लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचे नाव. पण हे घड्याळ इंग्लंडमध्ये बनलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात स्वित्झर्लंडमधल्या सेंट इमिए या डोंगराळ गावातल्या घड्याळवाल्यांनी हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी हे नाव वापरात आणले. मुंबई आणि कलकत्ता येथे पेढ्या होत्या, आणि अनेक तबकड्यांवर ‘बॉम्बे कॅलकटा’ असे शहरांचे नावही छापलेले असे. ‘सवार’ हा शब्द तर आपलाच, घोडदळातला स्वार. गिऱ्हाईक कोण आहे हे कंपनीने नावातच सांगून टाकले होते. त्या आधीच, १८६५ साली, फाव्र लेउबा या स्विस घराण्यातला एक तरुण मुंबईत येऊन पोहोचला होता. आपल्याकडे ‘फेवर ल्यूबा’ म्हणून ओळखली जाणारी घड्याळे ती हीच. त्यांचा मुंबईतला व्यापार शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. थोडक्यात, महाराष्ट्रातल्या घरातून जुने स्विस घड्याळ निघणे हा योगायोग नाही. मुंबई हे त्या घड्याळांचे आशियातले एक मोठे दार होते.

सुरुवातीची घड्याळे खिशातली. मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना, अशी युरोपातल्या पुरुषांची समजूत होती. पहिल्या महायुद्धाने ती मोडली. खंदकात किंवा घोड्यावर दोन्ही हात गुंतलेले असताना खिशातून घड्याळ काढणार कसे? शिवाय तोफखाना आणि पायदळ यांच्या हालचाली मिनिटामिनिटाने जुळवायच्या होत्या. म्हणून खिशातल्या छोट्या घड्याळांना तारेच्या कड्या डाखवून ती पट्ट्याने मनगटाला बांधली जाऊ लागली. याच युद्धात सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे तिला शरणागती पत्करावी लागली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. घरातल्या एखाद्या घड्याळाला अशा तारेच्या, न निघणाऱ्या कड्या असतील तर ते साधारण त्या काळाच्या आसपासचे समजायला हरकत नाही. स्प्रिंगच्या काडीने पट्टा निघत असेल तर बहुधा त्यानंतरचे.

जाता जाता एक गंमत. त्या काळात मुंबईत घेतलेले घड्याळ कोणत्या वेळेला लावायचे हाही प्रश्नच होता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. पण मुंबईकरांनी आपली स्थानिक ‘बॉम्बे टाइम’ त्यानंतरही कित्येक दशके सोडली नाही. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. वर्गात रेखांश शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडते.

घड्याळ म्हणजे पुराव्यांची जुडी

जुने घड्याळ ओळखताना होणारी सर्वांत मोठी गफलत अशी, की आपण त्याला एक वस्तू मानतो. प्रत्यक्षात ती धातूची केस, आतले मशीन, तबकडी, काटे, काच, चावी आणि पट्टा अशी सात-आठ वस्तूंची जुडी असते, आणि त्यांतल्या प्रत्येकीचे वय वेगळे असू शकते. पट्टा आणि काच तर बदललेलेच असतात. तबकडी हा घड्याळाचा चेहरा, म्हणून आपण पहिल्याने तीच वाचतो. पण साक्षीदार म्हणून ती सर्वांत कच्ची. सर्वांत पक्का साक्षीदार मशीन, कारण ते झाकणाआड असते आणि त्याला कुणी सजवत नाही.

मागचे झाकण चांगल्या घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे, घरच्या चाकूने नव्हे. झाकणाच्या आत-बाहेर बारीक अक्षरे असतात. ‘फाँ आसिए’ असे फ्रेंच शब्द असतील तर अर्थ एवढाच, की झाकण स्टेनलेस स्टीलचे आहे. बाकीची केस मुलामा दिलेल्या पितळेची असू शकते. मशीनच्या पट्टीवर बहुधा कंपनीचे नाव आणि ज्वेलची संख्या कोरलेली असते. खरी ओळख मात्र अनेकदा बॅलन्स व्हीलच्या खाली लपलेली असते : मशीन ज्याने बनवले त्या कारखान्याचे चिन्ह आणि कॅलिबरचा क्रमांक. कारण स्वित्झर्लंडमध्ये तबकडीवर नाव असणारी कंपनी आणि मशीन बनवणारा कारखाना पुष्कळदा वेगळे असत. सुरुवातीच्या अनेक वेस्ट एंड घड्याळांत सेंट इमिएच्याच लाँजीनचे मशीन असे. घोटावड्याच्या घड्याळात ढालीच्या आकृतीत ‘ए एस’ ही अक्षरे निघाली, म्हणजे ए. शिल्ड या ग्रेंखेनच्या मोठ्या कारखान्याचे मशीन. बॅलन्सच्या टोकावरच्या खड्याला वीणेसारख्या आकाराची इवलीशी स्प्रिंग दाबून धरत होती. हा धक्का सोसणारा ‘इन्काब्लॉक’. तो १९३०च्या दशकात आला. तेव्हा हे मशीन पहिल्या महायुद्धातले नाही, हे एका स्प्रिंगवरून ठरले. आजोबांचे घड्याळ ‘इंग्रजांच्या लढाईतले’ अशी घरात दंतकथा होती. ती दुसऱ्या लढाईला लागू पडू शकेल, पहिल्या नव्हे.

मशीनवरच्या ‘१७ ज्वेल्स’ या शब्दांनी आपल्याकडे बरेच गैरसमज पसरवले आहेत. सतरा माणके म्हणजे केवढी किंमत! माणके आहेत हे खरे. फिरणाऱ्या आसांची पोलादी टोके पितळेत बसवली तर झीज लवकर होते. म्हणून भोक पाडलेल्या कठीण खड्यात ती फिरवायची, ही युक्ती. तिचे पेटंट लंडनमध्ये १७०४ साली घेतले गेले, तेव्हा खडे नैसर्गिक होते. पण १९०२ साली ओग्युस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ज्वाळेत वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि हा प्रश्न मिटला. कठीणपणा तोच, मोहसच्या मापात ९; किंमत नगण्य. तेव्हा विसाव्या शतकातल्या घड्याळातले खडे हे दागिना नव्हेत, ते बेअरिंग आहेत. त्यांचे काम किती, ते पाहा. जुन्या घड्याळाचे बॅलन्स व्हील सहसा सेकंदाला ५ ठोके देते. दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला पंधरा कोटींच्या वर. तेल वाळलेल्या स्थितीत घड्याळ ‘चालतेय ना’ म्हणून रोज चालवत राहणे किती महागात पडेल, हे या आकड्यावरून समजते.

बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंगही बोलते. साध्या पोलादाची स्प्रिंग उष्णतेने मऊ पडते, आणि तापमान एका अंशाने वाढले तर घड्याळ दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे पडू शकते. शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंवर काम करून या दोषावर उपाय शोधला, आणि त्यांना १९२० सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आईनस्टाईनच्या आदल्याच वर्षीचे. निळसर पोलादी स्प्रिंग जुन्या पद्धतीची, पांढरट चकाकीची बहुधा नंतरच्या मिश्रधातूची, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

अनुक्रमांक असेल तर काम आणखी सोपे. लाँजीनने एकोणिसाव्या शतकापासूनच्या आपल्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत आणि मशीनच्या क्रमांकावरून ते घड्याळ कधी रवाना झाले ते सांगता येते. जपानच्या सेइकोची रीत वेगळी. झाकणावरच्या क्रमांकातला पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा म्हणजे महिना. पहिला अंक ४ असेल तर १९६४, १९७४ की १९८४? येथे कॅलिबरचा क्रमांक मदतीला येतो, कारण ते मशीन कोणत्या वर्षांत बनत होते हे माहीत असते. दोन अपुरे पुरावे मिळून एक पुरेसे उत्तर तयार होते.

निळी तबकडी आणि लग्नातला फोटो

मित्राच्या घड्याळाचे मशीन आणि केस एकमेकांना शोभणारे निघाले. तबकडीबद्दल मात्र भिंगाखाली शंका आली. मिनिटांच्या रेघा तासांच्या आकड्यांशी नीट जुळत नव्हत्या, ‘सवार’च्या अक्षरांची जाडी एकसारखी नव्हती, आणि सहाच्या खाली, अगदी काठावर, बहुतेक स्विस तबकड्यांवर असते ते ‘स्विस’ हे इवलेसे अक्षर नव्हतेच. निर्णय दिला तो भिंतीवरच्या एका फोटोने. जुन्या काळी स्टुडिओत फोटो काढताना घड्याळ दिसेल अशा बेताने बाही मागे सारून हात मांडीवर ठेवण्याची पद्धत होती. आजोबांच्या लग्नानंतरच्या फोटोतही तसेच. फोटो मोठा करून पाहिल्यावर सेकंदाचे छोटे वर्तुळ आणि केसचा आकार जुळला. तबकडी मात्र स्वच्छ पांढरी! म्हणजे घड्याळ तेच, चेहरा नंतरचा. वाचकांनी आपापल्या घरचे जुने फोटो या नजरेने एकदा जरूर पाहावेत. वर्गासाठी यापेक्षा चांगला इतिहासाचा धडा मला सुचत नाही.

तबकडी पुन्हा रंगवण्याची वेळ का येते? मुंबईची दमट हवा, पावसाळा, घाम हे एक कारण. दुसरे कारण रेडियम. अंधारात दिसावे म्हणून आकडे आणि काटे यांवर रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचे मिश्रण लावत. हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला, की मोटारीची नंबरप्लेट करणाऱ्या दुकानावर आजही ‘रेडियम’ अशी पाटी असते. तिथे रेडियमचा अंशही नसतो, असते ती प्रकाश परावर्तित करणारी चिकटपट्टी. घड्याळातले रेडियम मात्र खरे होते. रेडियम-२२६ मधून निघणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि उजेड पडतो; पण त्याच माऱ्याने त्याचे स्फटिक बिघडत जातात. काही वर्षांत उजेड जातो, आकडे तपकिरी पडतात, कधी शेजारची तबकडीही करपल्यासारखी दिसते. मालक म्हणतो, रेडियम संपले. संपलेले असते झिंक सल्फाइड! रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. ८० वर्षांत त्यातले जेमतेम साडेतीन टक्के घटते.

नंतरच्या घड्याळांत, १९६०च्या दशकापासून, ट्रिशियम आले. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. साठ वर्षांपूर्वीच्या तबकडीवर आज त्यातले साडेतीन टक्केही उरलेले नाही. दोन्ही आकडे साडेतीनच्या घरातले, पण एकात गेलेले आणि दुसऱ्यात उरलेले. विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. ट्रिशियमच्या स्विस तबकडीवर तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असते. अशी तबकडी १९६०पूर्वीची म्हणून कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रेडियमचे घड्याळ बंद केसमध्ये असेपर्यंत फारशी चिंता नाही. अल्फा कण काचेतून बाहेर येत नाहीत, गॅमा किरण येतात ते थोडे. धोका आहे तो पूड श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाण्याचा. १९२०च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करायला शिकवले होते. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली, अनेकींचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या खटल्यांतून कामगार-सुरक्षेच्या इतिहासात एक प्रकरण लिहिले गेले. म्हणून शाळेत प्रयोगाच्या उत्साहात तपकिरी आकडे खरवडून पाहणे पूर्णपणे वर्ज्य. जुन्या तबकड्या घासून पुन्हा रंगवणाऱ्या आपल्या कारागिरांनी ही धूळ किती वर्षे हुंगली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुर्मिळतेतून दुरुस्ती, दुरुस्तीतून ‘मुंबई स्पेशल’

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन तुटपुंजे होते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात चलनाची टंचाई तीव्र झाली आणि चैनीच्या आयातीवर निर्बंध आवळले गेले. स्विस घड्याळ ही चैनीची वस्तू ठरली. सरकारने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगलोरला एचएमटीचा घड्याळ-कारखाना उभारला. पण मागणी एवढी, की घड्याळे चोरवाटेने किनाऱ्याला लागतच राहिली. १९६२च्या सीमाशुल्क कायद्यातले १२३वे कलम वाचण्यासारखे आहे. चोरटी आयात असल्याच्या संशयावरून माल जप्त झाला, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर टाकणारे हे कलम ज्या वस्तूंना नावानिशी लागू केले गेले, त्यांत सोन्याबरोबर घड्याळे आहेत. घड्याळाची पावती लोक जमिनीच्या कागदांसोबत का ठेवत, त्याचे एक उत्तर येथे मिळते. अशी पावती घरात सापडली तर ती घड्याळाइतकीच जपावी. तारीख, दुकान आणि क्रमांक सांगणारा तो सर्वांत सरळ पुरावा आहे.

ज्याला नवे मिळत नाही तो जुने टिकवतो. मुंबई-पुण्यातल्या घड्याळजींनी ही घड्याळे ज्या चिकाटीने चालती ठेवली तिला तोड नाही. एकाची चावी दुसऱ्याला, एकाचे चाक घासून दुसऱ्यात, तबकडी खराब झाली की रंगवून. कित्येक झाकणांच्या आत सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा दिसतात. प्रत्येक दुरुस्तीची ती नोंद. घोटावड्याच्या झाकणातही तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा आहेत.

मग १९८७ च्या सुमारास टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली, पुढे आयातही खुली झाली, आणि चावीची घड्याळे ढिगाने भंगारात गेली. चोर बाजारात मशीन, केस, काटे यांच्या थैल्या साठल्या. इंटरनेट आल्यावर या ढिगाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. कुठलेही मशीन, कुठलीही केस, वर भडक रंगाची नवी तबकडी आणि तिच्यावर मागणी असलेले नाव. परदेशी संग्राहक या मालाला तुच्छतेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले, आणि निळ्या-नारिंगी तबकडीचे घड्याळ पाहताच तेच लेबल लावतात.

मला येथे भेद करावासा वाटतो. गिऱ्हाइकाला आपले घड्याळ वापरता यावे म्हणून त्याच्याच सांगण्यावरून रंगवलेली तबकडी ही दुरुस्ती. अनोळखी गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी जुळवलेले तुकडे ही बनावट. बाजार दोघांची किंमत सारखीच पाडतो. इतिहासाने तसे करू नये.

किंमत

आता किमतीकडे. धातूची किंमत पहिली, कारण ती मोजता येते. भरीव सोन्याच्या केसवर शुद्धतेचा आकडा असतो, ०.७५० किंवा ०.५८५, आणि ती वजनाने विकली जाते. पण ‘२० मायक्रॉन्स’ असे लिहिलेले असेल तर तो मुलामा. केसचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे १० चौरस सेंटिमीटर धरा, जाडी ०.००२ सेंटिमीटर; घनफळ ०.०२ घन सेंटिमीटर. मिश्र सोन्याची घनता १५ धरली तर ०.३ ग्रॅम, त्यात शुद्ध सोने साधारण ०.२ ग्रॅम, तेही झीज होण्याआधी. एवढ्यासाठी घड्याळ वितळवणाऱ्याला काय म्हणावे!

दुसरी किंमत दुकानदार देतो ती. तो दुरुस्तीचा खर्च, पडून राहण्याचा काळ आणि स्वतःचा नफा वजा करून बोलतो. ती कमी असणारच. तिसरी, तसेच घड्याळ प्रत्यक्षात कितीला विकले गेले ती. जाहिरातीत मागितलेला आकडा ही किंमत नव्हे. ती विकणाऱ्याची इच्छा. लिलावगृहांचे झालेल्या विक्रीचे आकडे पाहता येतात, तेच प्रमाण मानावेत. तेही तबकडीची स्थिती जुळत असेल तरच. मूळ, डागाळलेली तबकडी ही चकचकीत रंगवलेल्या तबकडीपेक्षा बहुधा जास्त किमतीची असते, हे आपल्या ‘नव्यासारखे करून देतो’ या संस्कृतीला पचायला जड जाते.

घरोघरी सापडणाऱ्या एचएमटीचे काय? जनता, पायलट, कोहिनूर ही घड्याळे इतकी बनली, की दुर्मिळतेची किंमत त्यांना सहसा नाही. कारखाना बंद होणार ही बातमी फुटल्यावर त्यांना मागणी वाढली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्याला केंद्र सरकारची मंजुरीही मिळाली, आणि लगोलग जुळवलेल्या एचएमटीही बाजारात आल्या. देवनागरी अक्षरांची मूळ तबकडी असलेली ‘जनता’ मात्र जपण्याजोगी.

फक्त मुंबईच्या गल्ल्यांतच तुकडे जुळवले जातात असे मानू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात १९५७ सालचे म्हणून ओमेगाचे एक स्पीडमास्टर घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. तपकिरी पडलेल्या तबकडीचे फार कौतुक झाले. घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी! २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे सुटे भाग जुळवून केलेले होते आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. कारागिरी तीच, गल्ली वेगळी.

वस्तूपेक्षा तिच्या मालकाला किंमत येते, अशीही उदाहरणे आहेत. अभिनेता पॉल न्यूमन याचे स्वतःचे रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. गांधीजींचे खिशातले झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि ताटवाटी यांचा संच २००९ साली १८ लाख डॉलरला. आपल्या आजोबांचे नाव बाजाराला ठाऊक नसते. पण तत्त्व तेच : मालकी सिद्ध करणारा कागद, फोटो, पत्र. त्यांच्याशिवाय कहाणीला कवडीही मिळत नाही.

घोटावड्याच्या घड्याळाचा हिशेब असा झाला : केस आणि मशीन १९३०च्या दशकानंतरचे आणि एकमेकांना शोभणारे, तबकडी नंतर रंगवलेली, चावी आणि काटे बदललेले. विकले तर दुकानदाराच्या आकड्याच्या फार वर जाणार नाही. वाटणीसाठी भावंडांनी तोच आकडा धरला, एकाने घड्याळ ठेवले आणि बाकी दोघांचा वाटा रोख दिला. अशा प्रसंगी जाहिरातीतला आकडा धरला तर घड्याळ ठेवणारा बुडतो, आणि मोडीचा धरला तर इतर दोघे. म्हणून खरोखर मिळू शकणारी किंमत धरावी, आणि दोन दुकानांत विचारून लेखी घ्यावी.

घड्याळ ठेवणार असाल तर वर्षातून एकदा थोडी चावी द्यावी, दर काही वर्षांनी ऑइलिंग करून घ्यावे, आणि घड्याळजीला आधीच बजावून सांगावे की पॉलिश नको, तबकडीला हात नको, बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत हवा. कुणी, कुठे, कधी घेतले याची घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असलेली माहिती एका कागदावर लिहून, फोटोची प्रत आणि पावती जोडून, डबीत घड्याळाशेजारी ठेवावी. आकडे रेडियमचे असल्याची शंका असेल तर ती डबी उशाशी किंवा मुलांच्या टेबलावर नको. हवेशीर कपाटात ठेवावी.